ड्रॉवरमधल्या दाढा

—बसा हो, अशा काठावर काय टेकलाय, नीट मागे रेला, मान इथं. पर्स द्या इकडे, पळून नाही जात ती. आणि मी ओळखलं नाही असं समजू नका. चेहरा नाही ओळखला, खरं सांगतो, चेहऱ्यांच्या बाबतीत मी अगदीच ढ आहे — पण आत येऊन हसलात ना, तो वरचा दात दिसला, कोपरा उडालेला, आणि म्हटलं, अरे, ही तर खालची डावी दाढ! कॅपवाली! माप देऊन गेली ती गेलीच. रागावू नका, आमच्या धंद्यात माणसं अशीच लक्षात राहतात. आ करा. अजून. बास. तात्पुरती कॅप पडली कधी? — रुमालात? रुमालात बांधून आणलीत? बघू. अहो, ही तर अख्खी आहे! पंधरा दिवसांसाठी बसवली होती मी ही, तुम्ही हिच्यावर वर्षभर जेवलात, आणि पडली तर टाकलीही नाहीत. नाही नाही, ओरडत नाहीये. ओरडेन कशाला? जीभ आत घ्या. कापूस ठेवतोय, आता बोलायचं नाही. मला तर उलट — काय सांगू — तुम्ही परत आलात! इथं परत कुणी येत नाही हो.

कॅप? पक्की कॅप ना? हो, ती — ती तेव्हाच तयार होऊन आली होती. देतो. आधी खालची जागा साफ तर करू द्या, वर्षाचा मळ आहे. घाई कसली? मावशी, पंखा लागतोय का बाहेर? दाराशेजारी बटण आहे, वरून दुसरं. हां, तेच. — तुमच्या आईच ना? जबड्यावरून कळलं. तोच साचा, थोडा झिजलेला. पाय अजून दुखतोय त्यांचा? तुम्ही आत शिरता शिरता जे भरभर सांगितलंत त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात आत्ता उतरतंय. म्हणजे त्या पडल्या, तुम्ही त्यांच्याकडे धावलात, फोन हरवला, नंबर बदलला, आणि आता तिथलं घर मोडून, भांडीकुंडी विकून, आईला घेऊन इथंच आलात. कायमच्या. तीच मागची गल्ली, आता दोन खोल्या. आणि आईची कवळीही माझ्याकडेच करायची म्हणताय. — मान हलवू नका, हातात टोकदार वस्तू आहे.

आणि ते शेवटचं काय म्हणालात — ‘तुम्हीच म्हणाला होतात ना डॉक्टर’. मी? मी काय म्हणालो होतो? नाही, आठवतंय. चांगलं आठवतंय. तुम्ही या खुर्चीत बसून म्हणालात की या शहरात जीव लागत नाही, पाच वर्षं झाली तरी धर्मशाळेत उतरल्यासारखं वाटतं, इथं मूळ धरावं असं काही आहे का? आणि मी तुमच्या तोंडात कापूस कोंबला आणि सुरू झालो. तोंड बंद असलेला श्रोता मिळाला की मला फार सुचतं. हाच दिवा, हीच खुर्ची — शहराला स्वभाव वरून मिळत नाही, म्हटलं, तो माणसांनी राहून राहून आणायचा असतो! इमारती कसल्या बघता, म्हटलं, रस्ते कसले बघता? ज्या गावात एकाच माणसानं तुमचा दुधाचा दातही पाहिला आणि तुमची कवळीही केली, ते गाव तुमचं. बाकी सगळा मुक्काम. — असं बोलतात का कुणी दातांच्या दवाखान्यात? पण माझा विश्वास होता. छातीवर हात ठेवून सांगतो, एकेका शब्दावर होता.

कारण मी ते पाहिलं होतं ना. शिकायला बाहेर गेलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो. छोटंसं गाव, सहा महिने चिखल, बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. पण बाई येऊन आ करायची आणि म्हातारा म्हणायचा, ‘ही दाढ मी तू सहा वर्षांची असताना भरली, तुझा बाप या खिडकीशी रडत उभा होता, तू नाही रडलीस.’ बाई त्या उघड्या तोंडानं हसायची. मी बाजूला थुंकी ओढायची नळी धरून उभा — आणि मला वाटायचं, हे! हे आपल्याकडे का नाही? एवढं मोठं आपलं शहर, लाखो जबडे, आणि एकालाही ओळखणारा कुणी नाही! परत जायचं आणि हे करायचं. सगळे हसले. बाबा तर म्हणाले, ‘शिकून आलास ते दात बघायला की गाव वसवायला?’ मी म्हटलं, दोन्ही.

आ करा — दमलात? जरा मिटा. मिटा आणि पुन्हा उघडा. हां.

ती समोरची भिंत बघा, खिळे दिसताहेत नुसते? तिथं मी पोरांचे फोटो लावणार होतो. पहिला दात पडला की एक फोटो, मग दरवर्षी एक, लग्नापर्यंत. हसू नका, कापूस निघेल. पहिला फोटो सगळ्यांचा निघाला, दुसरा कुणाचाच नाही. खाली इस्त्रीवाला होता, त्याची पोरगी यायची, पुढचे दोन्ही दात पडलेली, मला ‘दातकाका’ म्हणायची — गेले. इस्त्रीच्या जागी केक आले, केकच्या जागी चष्मे, आता फोनची कव्हरं विकतात. प्रत्येक जण आला की पाटी लावतो, माझ्याकडे एक दाढ दाखवतो, म्हणतो ‘डॉक्टर, आता इथंच’ — आणि एका सकाळी शटरवर कुलूप. वर मास्तर होते, तिसऱ्या मजल्यावर. या जिन्यात कोण कुठून आलं, कोण कुणाचं लागतं, सगळं त्यांना ठाऊक. मी म्हणायचो, मास्तर आहेत तोवर ही इमारत इमारत आहे. त्यांना मुलानं नेलं. टेम्पोत पुढे बसले होते, मांडीवर घड्याळ. मी खाली गेलो निरोप द्यायला, तर मला म्हणाले, ‘तुम्ही कितव्या मजल्यावरचे?’ — मास्तर! मला! त्यांच्या तोंडातली निम्मी कवळी माझ्या हातची!

वाईट वाटून घेऊ नका. मी उगाच बोलतोय. तुम्ही आत्ताच सामान लावलंय आणि मी हे काय — दुखतंय? नाही? मग डोळे का ओले? दिवा लागतोय. फिरवतो.

आता तुम्हाला वाटेल माणसं का पळतात? मी पुष्कळ विचार केला त्याचा. भाडं वाढलं, नोकरी बदलली, हे सगळं खरंच आहे, पण ते गावोगावी असतं. इथं काय आहे, प्रत्येक जण दुसरा टिकतोय का ते बघत उभा आहे. तो राहिला तर मी राहीन. ती पडदे लावील तर मी पडदे लावीन. तोवर खिडकीला चादर. सगळं तात्पुरतं — तुमच्या या कॅपसारखं, पंधरा दिवसांचं, आणि चालवायचं वर्षानुवर्षं. आणि मग म्हणायचं की शहराला चेहरा नाही! चेहरा कुठून येणार? कुणी आरशासमोर दोन मिनिटं थांबेल तर —

हो हो. कॅपचं लक्षात आहे माझ्या. हातानं खुणा करू नका, नळी निसटते. सांगतो.

तो खालचा ड्रॉवर आहे ना, त्यात असायच्या. न नेलेल्या. माप घेतलेलं, करून आलेल्या, आणि माणूस गायब. एकेक दाढ एकेका डबीत, वर नाव, आणि त्या फळ्यांवर त्यांचे प्लास्टरचे जबडे, पांढरे, ओळीनं. कधी रिकामा असलो की मी डब्या उघडून बघायचो. तुम्हाला सांगतो, इतकी नेमकी वस्तू जगात दुसरी नसेल — ती फक्त एका तोंडात बसते, एकाच चाव्याला, दुसऱ्या कुणाला काडीचा उपयोग नाही. आणि ते तोंड कुठं गेलं ठाऊक नाही. फोन लावायचा, तर नंबर बंद. मी मनात म्हणायचो, हेच आपले खरे रहिवासी. हे तरी कुठं जात नाहीत. तुमचाही होता त्यात जबडा. मधल्या फळीवर, खिडकीकडून —

कोण? — हो, मीच डॉक्टर. नाही, आत नका येऊ, खुर्चीत माणूस आहे! थांबा जरा बाहेर. टेप आहे ना तुमच्याकडे? मग आधी दाराची रुंदी घ्या. नाही, दाराची! खुर्चीची नंतर. — मावशी, जरा पाय घ्या बाजूला, त्यांना दार मोजू द्या.

तो... तो खुर्चीवाला. म्हणजे — पडून राहा ना. उठू नका. सिमेंट कालवलंय मी, वाळेल ते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी घेतलीय खुर्ची, दुसऱ्या शहरात. दारातून निघते का ते बघायला पाठवलंय त्याला. तुम्हाला सांगणारच होतो. आत आलात तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही त्या रुमालाची गाठ सोडायला लागलात आणि बाहेरून आईंचा आवाज आला, ‘हेच का गं ते डॉक्टर?’ — आणि मी पटकन कापूस घेतला. तोंडात कापूस असला की माणूस विचारत नाही. इतकं साधं आहे ते.

तिकडून, त्या चिखलाच्या गावातून, बोलावणं आलंय मला. म्हातारे डॉक्टर थकले, म्हणाले, ये आणि सांभाळ. त्यांची सगळी माणसं, त्यांचे जबडे, बापाचा, लेकीचा, नातीचा. तिथं झाड उभं आहे आधीचंच, मला फक्त सावलीत बसायचंय. आणि मी हो म्हटलं. विचारसुद्धा नाही केला. मी — ज्यानं तुम्हाला या खुर्चीत बसवून —

आणि ड्रॉवर मी रिकामा केला. परवा. सगळ्या डब्या गोणीत, जबडेही गोणीत, खाली नेऊन ठेवल्या, कचऱ्याची गाडी घेऊन गेली. तुमची डबी हातात आली होती. खोटं नाही सांगत. ती मी बाजूला ठेवली होती, खिडकीत. म्हटलं, ही बाई येईल. इतर येणार नाहीत हे मला कळायचं, पण ही — हिनं प्रश्न विचारला होता. म्हटलं, ही येईल. मग चहा प्यालो, आणि म्हटलं, वर्ष झालं. ही कुठली येतेय? आणि तीही टाकली.

तुम्ही तिकडे आईला उठवत, बसवत, घरातली भांडी विकत होतात. आणि ती पंधरा दिवसांची कॅप रुमालात जपून ठेवली होतीत.

नाही, बोलू नका अजून. चावा. घट्ट. तीच बसवलीय, जुनीच, दुसरं काही नाहीये माझ्याकडे, मापाचं सामानही बांधून टाकलंय. टिकेल. काही दिवस टिकेल. चौकात एक नवीन दवाखाना उघडलाय, काचेचं दार आहे, तिथं जा, ते माप घेतील. चांगले आहेत म्हणतात. किती दिवस असतील, मला — नाही, चांगले आहेत. आईंची कवळीही करतील. सोडा आता जबडा. उघडा. थोडं उरलंय काठाला, काढतो. झालं.

चूळ भरा.

अजून एकदा. — ग्लास राहू द्या तिथंच. पैसे? छे. अहो, नको म्हणतोय ना. तासभर काही खाऊ नका, आणि त्या बाजूनं चावू नका. काही बोला तरी. आता तर कापूसही काढलाय मी.

बरं.

मावशी, उठा हळूच, झालं त्यांचं. हो, मीच तो डॉक्टर. कवळीचं ना? त्या सांगतील तुम्हाला. पायरीकडे लक्ष द्या, तिथला दिवा गेलाय.

— या हो टेपवाले. घ्या माप. खुर्ची रिकामी आहे.