डब्यावरचं नाव

वनमाला : मोठं कर. आणखी मोठं कर.

सुनिता : एवढंच होतंय, काकू.

वनमाला : मग वाच आता. माझ्या डोळ्याला चष्मा न्हाई. काय लिव्हलंय फोटोतल्या डब्यावर?

सुनिता : ‘चि. वनमाला हिस लग्नात सप्रेम भेट. मामा, उमापूर.’

वनमाला : ऐकलंस? तुझ्याच तोंडानं ऐक. ह्या गावात वनमाला कितीक हायेत?

सुनिता : एकच.

वनमाला : अगं, कागदावर सही घेतलीस माझी! ‘काकू, तुमचं नाव कुठं येणार नाही, गावाचं नाव येणार नाही.’ मी म्हनलं, शिकलेली पोर हाय, तलवाड्याची हाय, आपलीच हाय. आन तू माझा डबाच छापलास व्हय?

सुनिता : नाव बदललं होतं, काकू. अहवालात तुम्ही ताराबाई आहात. गावही बदललं. खालच्या आळीतल्या छबुबाई डबा धरून उभ्या आहेत, तर त्यांचा चेहरा पुसट केला. तीनदा तपासलं मी. डब्याकडं लक्षच गेलं नाही.

वनमाला : भांड्यावर नाव असतंय हे तुला ठावं न्हाई? तुझ्या आयच्या घरी भांडी न्हाईत का?

सुनिता : आहेत. सगळ्यांवर नावं आहेत. म्हणूनच दिसलं नाही. जन्मापासून बघतोय आपण, वाचतं कोण?

वनमाला : छबूनं तरी कावून दावला तुला?

सुनिता : दोन वर्षं धान्याच्या कोठीमागं लपवला होता त्यांनी. तुमचं नाव कुणी वाचू नये म्हणून. मला म्हणाल्या, ‘तू भांडणाचंच लिहून घेतीस, हे बी लिहून घे.’

वनमाला : बघ! ती अडाणी बाई, तिला कळलं. आन तुला त्या संस्थेनं फेलोशिप दिलीय, दोन वर्सं हितं फिरतीस, गावातली भांडणं कशी मिटत्यात ते शोधाय!

सुनिता : बोला, काकू. बोलाच.

वनमाला : बोलून काय व्हतंय? आमच्या पुतन्यानं, सत्यमनं, फोटो मोठा करून वरच्या आळीच्या ग्रुपवर टाकलाय.

सुनिता : मी संस्थेला सकाळीच कळवलं. त्यांनी वेबसाइटवरून फोटो काढून टाकलाय.

वनमाला : तिथनं काढलास. हितल्या शंभर फोनातनं कोन काढनार? पाच वाजता पारावर बैठक हाय. अजिनाथ मामांचं काय झालतं, तूच लिव्हलंयस की.

सुनिता : खालच्या आळीतल्या बाळंतिणीला आपल्या रिक्षातून गेवराईला नेलं, म्हणून त्यांना पारावर नाक घासायला लावलं.

वनमाला : साठीचा मानूस. नाकाचं कातडं निघालतं. आन शिक्षा कुनी सांगितली? माझ्याच मालकानं. खालच्या आळीच्या सुखाला न्हाई, दुखाला न्हाई, हा नेम त्यांनीच केलाय. आता त्यांच्याच घरात... आई गं. आले वाटतं.

(दारात मोटारसायकल थांबते. राधाकिशन, वनमालाचा नवरा, आत येतो.)

राधाकिशन : म्याडम बी हायेत. बरं झालं, हेलपाटा वाचला. वही-पेन हाय ना?

सुनिता : काका, चूक माझी आहे...

राधाकिशन : चुकीचं मागून बघू. आधी लिव्ह. ‘सदरचा फोटो ह्या गावातला नसून, डबा मी माझ्या मनाने मांडला. वनमालाबाईंचा काही संबंध नाही.’ खाली सही. पाचला वाचून दावतो. सुटला इषय.

सुनिता : पण हे खोटं आहे.

राधाकिशन : खोटं? भांडन कसं मिटतंय ते इचारत फिरत व्हतीस ना? असं मिटतंय. लिव्ह.

सुनिता : मी शब्द मोडला असं लिहिते. पारावर उभी राहून माफी मागते, सगळ्यांसमोर. पण ते घडलंच नाही असं कसं लिहू? मग माझ्या वहीतलं सगळंच खोटं ठरेल. अजिनाथ मामांचं नाकसुद्धा.

राधाकिशन : फेलोशिप जाईल म्हन की सरळ.

सुनिता : ती तशीही राहील असं वाटत नाही. जिनं विश्वासानं सांगितलं तिलाच मी उघडी पाडली, हे मीच त्यांना लिहून दिलंय.

राधाकिशन : मग हात कावून आखडतीस? ह्या हिला पारावर उभी करतील. माझी बायकू हाय ती! तुझ्या खऱ्यापायी तिनं नाक घासायचं का?

सुनिता : ...नाही. सांगा परत. लिहिते.

राधाकिशन : हां. ‘सदरचा फोटो...’

वनमाला : ठिव ते पेन खाली.

राधाकिशन : तू मधी बोलू नगंस.

वनमाला : डबा माझा, भाकरी माझ्या, आन मीच मधी बोलू नगं? म्या दिल्या भाकरी. छबूचे मालक, त्रिंबक भावजी, गेले तवा त्यांची समदी भावकी उसतोडीला गेलती, आळीत म्हातारी तेवढी उरलती. घरात छबू आन तिचा पोरगा तानाजी, दोघंच. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारच्यानं भाकरी-पिठलं न्यायचं असतंय. आपून शेजारी. दिवस कलला तरी त्यांच्या दारात कुनी गेलं न्हाई. मग मी गेले. कापसातनं वाकून गेले, उंबऱ्यावर डबा ठिवला, कडी वाजवली आन पळाले. मयताची भाकरी द्याया चोरावानी गेले मी! त्याचीच लाज वाटती मला, दिल्याची न्हाई.

राधाकिशन : भांडनात खालच्या आळीचा दगड लागून सत्यमच्या डोक्याला नऊ टाके पडले, ते इसरलीस?

वनमाला : रोज म्या पुसलेत ते टाके. पन दगड त्रिंबक भावजीनं मारलाता का? ते खाटेवरनं उठत बी नव्हते.

राधाकिशन : नेम म्हंजी नेम असतो. गावाला एक आन घरच्याला एक करता येत न्हाई.

वनमाला : मग मी बी तेच म्हनते. अजिनाथ मामांनी जिथं नाक घासलं तिथं मी घासते. पाचला येते. किती येळा ते तुमीच मोजा.

राधाकिशन : येडी झालीस का गं?

वनमाला : आता झाले. त्या दिवशी तुमी जेवला न्हाईत. डोस्कं दुखतंय म्हनून भितीकडं तोंड करून पडलात. मला काय कळत न्हाई व्हय? तुमी आन त्रिंबक भावजी, एका ताटात जेवून वाढलात दोघं.

राधाकिशन : गप. गप बस.

वनमाला : दोन वर्सं गपच हाय की.

सुनिता : काका, पाणी देऊ?

राधाकिशन : नगं. ...त्यांनी खाल्ल्या का?

सुनिता : काय?

राधाकिशन : भाकरी. का कुत्र्याला टाकल्या?

सुनिता : खाल्ल्या. नाव तानाजीनं दुसऱ्या दिवशी वाचलं, पण छबुबाईंनी आधीच ओळखलं होतं. म्हणाल्या, ‘एवढं तिखट पिठलं गावात एकीच्याच हातचं असतंय.’

राधाकिशन : तिखट लईच घालती ती.

वनमाला : खाता की रोज. एक दिस तरी सोडलंत का?

राधाकिशन : अजिनाथला फोन लाव.

वनमाला : आन त्यांना कशाला आनखी?

राधाकिशन : म्हनावं, पाचला पारावर ये आन म्होरं उभा ऱ्हा. नाक मी घासनार हाय. नेम म्या केलता. आन वनमाला, तुझं नाव कुनी घेतलं तर बघतोच मी.

वनमाला : आवं, तुमी? समद्या गावाम्होरं?

राधाकिशन : तिरडी पारावरनं गेली, वनमाला. मी बसल्या जागेवर बसून ऱ्हायलो. तानाजी आन दोन म्हातारे, चौथा खांदेकरी मिळंना, म्हनून तानाजी सारखा थांबत व्हता. माझ्याकडं बघितलं त्यानं. म्या मान फिरवली. त्रिंबक व्हता गं तो!

वनमाला : ठावं हाय मला. रडा. पोरीसमोर लाजू नगासा.

सुनिता : काका, ह्यातलं मी काहीच लिहिणार नाही. शपथ.

राधाकिशन : लिव्ह. बदललेलं नाव नगं, माझ्याच नावानं लिव्ह. ...तो डबा त्यांच्याकडंच हाय ना?

सुनिता : हो. कोठीमागंच.

राधाकिशन : मग पारावर जायच्या आधी मी जातो त्यांच्या दारात. घिऊन येतो.

वनमाला : दोन वर्सांनी जाता, तेबी रिकाम्या हातानं?

राधाकिशन : मग काय नेऊ?

वनमाला : बसा घडीभर. पिठलं टाकते.