नानांचं कुंपण

तलावात मासा नेमका कुठे बसतो, ते आमच्या नानांना विचारा. नाना म्हणजे माझे वडील.

भडगावकडे तलाव होणार, आमचं वावर बुडणार, हे ठरलेलं. तरी आखाजीचा सण झाल्यावर नाना बाभळीचे काटे ओढून वावराला कुंपण घालत बसले.

मी म्हटलं, "नाना, पाणी येणार आहे."

"येऊ दे. तोवर ढोरं शिरतील, त्याचं काय?"

पाणी आलं. वावरच गेलं, म्हणून बैल विकून होडी आणि जाळं घेतलं. मासे धरणारे भोई म्हणाले, मासा उघड्या पाण्यात थांबत नाही, आडोशाला बसतो. आधी आडोसा शोधा. नानांनी टेकडीवरच्या देवळाचा अंदाज धरून होडी आमच्या बुडालेल्या वावरावर नेली आणि बांबू खाली सोडला. तो कुंपणाच्या काट्यांत अडकला.

नाना ओरडले, "बठ्ठा मासा आपलाच वावरमा शे!" सगळा मासा आमच्याच वावरात.

जाळं टाकलं. ओढून काढलं तर नुसत्या चिंध्या.

नाना त्या चिंध्या मांडीवर घेऊन त्यांतले बाभळीचे काटे काढू लागले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करणार? जन्मात एकदा कुंपण पक्कं घातलं, तर मालकालाच आत जाता येईना."