मिलिंग मशीनचा पोळा

लिहिण्यात चुका असतील, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. शाळा मी लवकर सोडली.

तुमसरला गजूभाऊंच्या वर्कशॉपात मी लोखंड कापायची जुनी मिलिंग मशीन चालवतो. यंदा थंडी पडली आणि तिच्या गिअर हेडमधून दगड भरडल्यासारखा आवाज यायला लागला.

"गिअर गेले. उद्या भंगारवाला येऊन राहिला," भाऊ म्हणाले.

मशीन गेली की माझं कामही गेलं. मी भीत भीत म्हणालो, "भाऊ, दुपारी ऊन तापलं का आवाज कमी होते. गिअर गेले असते तर दिवसभर आला असता. एकदा खोलून पाहू का?"

"पाह्य. तशीही भंगारातच चालली."

हेड खोललं. तेलाच्या नळीत पिवळा गोळा घट्ट बसला होता आणि गिअर कोरडेच फिरत होते. मी वास घेतला. "भाऊ, हे तर तूप आहे. हळदीचं."

भाऊ खाली पाहू लागले. "पोळ्याले बैलाच्या खांद्याले लावतो ना आपण. बैल तर इकले. आता हेच माहा बैल, म्हणून वाटीभर टाकलं."

"पण हिचा खांदा कोणता समजला तुम्ही?"

"तेलाचं झाकण दिसलं, तोच."

नळी धुतली, नवं तेल भरलं, बटण दाबलं.

"चालू कर ना बे," भाऊ म्हणाले.

"चालूच आहे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. भाऊ लाजून आतच बसले. मग मीच बाहेर गेलो आणि भंगारवाल्याला म्हणालो, "मशीन कामावर आहे. चहा घ्या अन् रिकामा टेम्पो घेऊन जा."