मंदा फायनलमध्ये बोलली

हसू नका, पण त्या दिवसांत माझी झोपच उडाली होती. मंदा तीन वर्षांची होत आली तरी तोंडातून एक शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, “पोटात होती तवा तू पुस्तकंच वाचत बसली. तोंड उघडलं असतं तं पोरगी बोलली असती!” मी मॅट्रिक झालेली, तरी मलाही ते पटायला लागलं होतं.

त्यातच बालाघाटला फुटबॉलची फायनल आली. समोर वारासिवनीची टीम, आमच्या टीमचा गोलकीपर माझा भाऊ सुधाकर. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. सगळं मैदान चिडीचूप. सुधाकर झेप घ्यायला वाकला, तोच माझ्या कडेवरून आवाज आला, “मामा, पडू नको!”

भाचीचा आवाज ऐकून तो जागीच थिजला. बॉल थाडकन त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला. आम्ही जिंकलो! लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि मी मंदाला कवटाळून ढसाढसा रडत होते. “बोल ना माय, अजून बोल!”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं अन् म्हणाली, “लागलं मामाले. तू काहून रडून राह्यली?”