खांदा कुशलचा

लंडनमधल्या हाउन्सलोच्या दवाखान्यात त्या इंद्रजित नावाच्या पोराने बॅटींची पिशवी खुर्चीवर पसरलेली आणि माझ्यासारखी सत्तरीची बाई समोर उभी. वर मराठीत मोठमोठ्याने बोलणं, जणू इथे कुणाला कळतच नाही. शेजारी त्याच्या टीममधला कुशल उजवा हात पोटाशी धरून बसलेला.

"जीपी डॉक्टरने विचारलं खांदा दुखतो का, तर थोडंसं म्हणायचं."

"इंद्रजित, अरे मला शर्ट घालता येत नाहीये."

"अर्धा सीझन झाला, कुशल. नऊपैकी सहा मॅच हरलोय आपण. तू बसलास तर बॉल कोण टाकणार?"

"मिहीर आहे की."

"मिहीर केंब्रिजला चाललाय, जॉब लागला त्याला."

"मग शशी?"

"शशीचा बॉल बॅटरपर्यंत पोचतच नाही. बेसबॉल आहे हा, लगोरी नाही."

"जीपी दोन महिने रेस्ट सांगणार बघ."

"म्हणून तर मी आत येतोय. तू गप्प बस, मी बोलतो."

"आणि हात कायमचा गेला तर?"

"सप्टेंबरात सीझन संपला की बघू ना!"

तेवढ्यात कुशलचं नाव पुकारलं. दोघेही उठले. मी दारात आडवी आले.

"तू कुठे निघालास रे, कॅप्टन? दुखणं त्याचं आणि तोंड तुझं? तो एकटा जाईल आत आणि खरं काय ते सांगेल. तुला जिंकायची एवढी हौस असेल ना, तर स्वतःच्या खांद्यावर जिंक. बस खाली."