अमेरिकेतल्या कंपनीचा एकटा मालक

हसू नका लेको, पण त्या दिवशी तोंड कुठं लपवू असं झालतं मला. चपला परदेशात विकायच्या म्हणून मी कोल्हापुरात बसून अमेरिकेत कंपनी काढत होतो. बाहेरच्या देशातल्या माणसालाही तिथं एकट्याच्या मालकीची कंपनी काढता येते. कंपनीची नोंदणी करून देणारी व्हिडिओ कॉलवरची एजंटबाई नेमकी सोलापूरची, मराठी बोलणारी निघाली.

"सगळे निर्णय तुम्ही एकटेच घेणार ना?"

"हो, एकटाच," मी रुबाबात म्हणालो.

तेवढ्यात मागनं बाबा चहा घेऊन आले. "अवो ताई, ह्यो कसला निर्णय घेतोय? अंगातला शर्ट बी आईनं काढून दिलाय."

बाईंनी हसू दाबलं. "मग मालक म्हणून आईंचं नाव घालू का?"

मी मान खाली घातली. स्वयंपाकघरातनं आईचा आवाज आला, "घाला की."