पहिल्या पंगतीला भावकी

हसू नका, पण ऐका. आमच्या पिंपळवंडीच्या नर्सरीची वेबसाइट सुनेने बनवली. टोमॅटोच्या रोपांचं बुकिंग उघडलं आणि आळेफाट्याहून गिऱ्हाइकांचे फोन आले, "आण्णा, पान उघडत न्हाई. आमी दुसरीकडं जातो."

सून म्हणाली, "मी डेटाबेसला दहाच कनेक्शन ठेवलीत, म्हणजे एका वेळी दहाच जणांना पान उघडतं. पान उघडं ठेवलं की एक अडकतं. नऊ आपल्या भावकीनंच अडवलीत."

पान उघडून बघा, असं मीच त्यांना मिरवत सांगितलं होतं. चुलतभावाला फोन लावला.

"लग्नात भावकी शेवटी जेवते. उठा सगळे, पाव्हणं उभं हायेत!"

नऊही उठले, बुकिंग सुरू झालं.

"आणि दहावं कोणाचं?" मी विचारलं.

"तुमचंच, आण्णा. सकाळपासून."

म्हटलं, "यजमानाला कोण उठवतं?"